काठमांडूत दिलेली ओटी

आधीच सांगून टाकते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. कुठला उकार पहिला आणि कुठला दुसरा हे मला चौथीतच नीट कळलं नव्हतं आणि चौथीनंतर शाळाच सुटली. अक्षरही असं की किराणा मालाची यादी लिहून धाडली तर दुकानदार यादी परत पाठवतो आणि तोंडी सांगायला माणूस मागवतो. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. वाचणारं कोण असेल ते मला ठाऊक नाही, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. धाकटीची शाळेतली जुनी वही आहे, मागची पानं कोरी राहिली होती. दुपारी भांडी झाली की चार ओळी लिहिते आणि ट्रंकेत साड्यांखाली सारून ठेवते.

लिहायचं कारण एवढंच की माझ्या काठमांडूची गोष्ट आमच्या गल्लीत इतक्या तोंडांनी फिरली की आता भैरवानं मला हाक मारली असंही कुणीकुणी सांगतं. मला भैरवानं हाक मारलेली नाही. म्हणून घडलं तसं लिहिते.

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आमच्या वन्सं, इचलकरंजीला राहायच्या. त्यांचे घरचे चार माग होते. मागांच्या खडखडाटात आयुष्यभर बोलून त्यांचा आवाज असा झाला होता की त्या हळू बोलल्या तरी शेजारच्या घरातून उत्तर यायचं. एका वर्षी त्यांनी काशी, प्रयाग आणि पुढं नेपाळपर्यंत जाणाऱ्या यात्रेच्या गाडीत दोन जागा धरल्या. एक स्वतःची, एक मैत्रिणीची. निघायच्या आधी पंधरा दिवस मैत्रिणीचा पाय मोडला. भरलेले पैसे परत मिळणार नव्हते. वन्सं आमच्याकडं आल्या आणि उंबऱ्यातूनच माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "हिला घेऊन जाते. मला वाटंत बोललेलं ऐकायला कोण तरी पायजे, आणि ही उलटं बोलत न्हाय."

मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. मी फारशी बोलायचेच नाही. पावणं आलं की मी स्वयंपाकघरात, बाजारात भाव सांगितला की तोच भाव देऊन मोकळी. एस. टी.त कंडक्टरनं "कुठं जायचं?" विचारलं तरी माझे कान तापायचे. लग्नाआधी मलकापूर आणि लग्नानंतर कोल्हापूर, एवढंच माझं जग. मी परदेशी जाणार हे कळल्यावर गल्लीतल्या बायका आठवडाभर हसत होत्या.

यात्रेला जाणाऱ्याच्या हातात सगळी गल्ली काही ना काही देते. कुणी चार आणे, कुणी रुपाया, कुणी सुपारी. "आमच्या नावानं देवापुढं ठेव" म्हणायचं आणि परत आल्यावर प्रसाद घ्यायला यायचं. तसं ते झालंच. पण काठमांडूत परदेशी वस्तू स्वस्त मिळतात हेही सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तिघींनी वेगळे पैसे आणून दिले. समोर राहणाऱ्या मास्तरांच्या काकूंनी थर्मासाला सत्तर रुपये दिले. पिठाच्या गिरणीवाल्या वहिनींनी नायलॉनच्या साडीला नव्वद दिले. आणि दूधवाल्या मावशींनी दीडशे रुपये दिले, जावयाला घड्याळ आणायला. मावशींचे पैसे सगळे एकेक-दोनदोनच्या नोटांत होते आणि त्यांना शेणाचा नि धारेचा वास येत होता. त्यांनी ते माझ्या हातावर दोनदा मोजले. लेकीच्या लग्नात घड्याळ द्यायचं राहिलं होतं, ते जावई अजून बोलून दाखवायचा, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

तीनशे दहा रुपये. आमचे हे कारखान्यात लेथवर होते. त्यांचा महिन्याचा पगारही तेवढा भरत नव्हता.

पैसे कुठं ठेवायचे ते वन्संनी ठरवलं. कंबरेची पिशवी चोर पात्यानं कापतात म्हणे. "ओटीत ठेव," त्या म्हणाल्या. "ओटीला चोर बी हात लावत न्हाय." म्हणून मी एकाच ठाणातले दोन हिरवे खण घेतले आणि दोन ओट्या बांधल्या. एक खरी, देवीला द्यायची. तिच्यात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि गल्लीची देवाची नाणी. दुसरीत तसाच नारळ, तसेच तांदूळ, आणि तांदळाच्या खाली मेणकापडात गुंडाळलेले तीनशे दहा रुपये. ओळखायला खूण म्हणून खऱ्या ओटीला मी कुंकवाचं बोट लावलं. पैशाची ओटी कोरी ठेवली. मला माझी ती युक्ती फार आवडली होती. काशीपर्यंत मी रोज पिशवीत हात घालून दोन्ही चाचपत होते.

वाटेतलं सगळं लिहीत बसत नाही. नेपाळच्या हद्दीवर शिपाई गाडीत चढला, आमची तोंडं बघितली, आणि उतरला. ड्रायव्हरनं घड्याळ काढून दहा मिनिटं पुढं केलं. वन्सं म्हणाल्या, "येवढंच? धा मिन्टांसाठी परदेश?" पुढं घाट सुरू झाला आणि तो दिवसभर संपला नाही. आमचा आंबा घाट त्याच्यापुढं घरचा जिना म्हणायचा. निम्म्या बायका खिडकीतून तोंड बाहेर काढून होत्या. मला मात्र काही झालं नाही. एका वळणावर लांब आभाळात पांढरं काहीतरी दिसलं, मी ढग समजले. ते हलेनात तेव्हा कळलं की डोंगर आहेत.

काठमांडूत आमचा मुक्काम तीन दिवस होता. घंटाघराजवळच्या एका धर्मशाळेत उतरलो होतो. पहिल्या दिवशी गाडी सगळ्यांना पशुपतिनाथाला नेणार, पुढचे दोन दिवस मोकळे. ज्यानं त्यानं आपापलं हिंडावं, बाजार करावा.

पहिल्या दिवशी सकाळी थंडी अशी होती की पाण्यात बोट घालवत नव्हतं. मी अंघोळीच्या रांगेत होते. आल्यावर पिशवी उचलली आणि सगळ्यांबरोबर गाडीत बसले. पशुपतिनाथाचं दर्शन झालं. तिथून थोड्या अंतरावर देवीचं ठाणं आहे, तिथं आम्ही चालत गेलो. गर्दी दाटली होती. मी पिशवीत हात घातला, कुंकवाचं बोट दिसलं ती ओटी काढली, डोळे मिटून गल्लीतल्या सगळ्यांची नावं घेतली आणि ओटी पुजाऱ्याच्या हातात दिली. त्यानं ती ओट्यांच्या ढिगावर ठेवली. मागून लोट आला आणि मी बाहेर पडले. मन अगदी भरून आलं होतं.

परत आल्यावर सगळ्या बायका उद्याच्या बाजाराचे पैसे काढून बसल्या. मीही कोपऱ्यात जाऊन राहिलेली ओटी सोडली. नारळ निघाला. तांदूळ निघाले. हळकुंड निघालं. पैशाच्या ओटीत मी हळकुंड ठेवलं नव्हतं. तांदळात बोटं घातली तर चार आणे, आठ आणे, रुपाया. आणि खणाची गाठ वळवून बघितली तर तिच्यावरही कुंकवाचं बोट.

मी वन्संना विचारलं, सकाळी पिशवीला हात लावला होता का.

"लावला की. तू अंघोळीला गेलतीस. एक ओटी तशीच पांढऱ्या कपाळाची. देवीची ओटी बिनहळदीकुंकवाची ठेवत्यात व्हय? लावलं मीच." आणि त्या मोकळ्या झाल्या. ओट्या दोन का आणि खूण कशाची, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. ओटीत पैसे ठेवायची युक्ती त्यांची, खुणेची माझी. माझी मी कुणाला बोलले नव्हते, कारण मी कुणाला काही बोलतच नव्हते.

तेव्हाही बोलले नाही.  माझे स्वतःचे सोळा रुपये पोलक्यात होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या परदेशी मालाच्या दुकानांकडं निघाल्या. रिकाम्या हातानं मी तिथं काय करणार? मी म्हणाले, मला बाजारात गुदमरतं, मी जरा पाय मोकळे करते. वन्संनी माझ्याकडं असं बघितलं की जणू म्हशीनं धार नको म्हटलं. पण थर्मास बघायची घाई होती, त्या गेल्या.

मी देवीच्या ठाण्याकडं चालत निघाले. कालची गाडी ज्या रस्त्यानं गेली तो रस्ता मी डोक्यात ठेवला होता. शहराच्या मध्ये एक उंच पांढरा मनोरा आहे, कुठल्याही रस्त्यावरून मागं वळलं की दिसतो. वाट विचारायची म्हणजे तोंड उघडायचं, म्हणून मी मनोऱ्याकडं पाठ ठेवून चालत राहिले. रंकाळ्याला एक फेरी मारून आणखी थोडं चालावं तेवढं अंतर असेल. पायात कोल्हापुरी होत्या, करकर वाजत होत्या, आणि थंडीत तोच आवाज सोबतीला वाटत होता. वाटेत बायका उन्हात बसून एकमेकींचं डोकं बघत होत्या. एकीच्या परड्यात मुळे वाळत घातले होते. लाल विटांच्या घरांना काळ्या लाकडाच्या खिडक्या, आणि खिडक्यांवर अशी नक्षी की आमच्याकडं देव्हाऱ्यालाही कुणी करत नाही. काळजी पोटात होती तरी डोळे बघत होते. डोळ्यांना कोण आवरणार?

मी काय करणार होते ते मलाच माहीत नव्हतं. पुजाऱ्याला सांगायचं, की काल दिलेल्या ओटीत माणसांचे पैसे होते, ते तेवढे द्या? माझ्यानं ते मराठीतही झालं नसतं.

ठाण्याच्या पायऱ्यांवर एक म्हातारी झेंडूची फुलं विकायला बसली होती. तिच्या गुडघ्यांवर थंडीसाठी एक कापड पसरलं होतं. हिरवा खण. त्याचे काठ, त्याची बारीक नक्षी, एका कोपऱ्याला माझ्या गाठीची सुरकुती. सगळ्या नेपाळात दुसरा कुणाचा असणार?

मी तिच्याशेजारी बसले.  तिनं मला एक फूल दिलं, मी घेतलं. मग मी सगळा धीर गोळा केला आणि खणावर बोट ठेवून विचारलं, "ह्यात काय होतं का, आजी?" मराठीतच विचारलं, मला दुसरं काही येत नव्हतं. ती हसली. तिला दोन दात होते. देवळाकडं बोट दाखवून काहीतरी म्हणाली, म्हणजे खण तिला आतून प्रसाद म्हणून मिळाला असावा. मी बोटांनी नोटा मोजल्यासारखं केलं. तिला वाटलं मी खण विकत मागते. तिनं नाही म्हणून मान हलवली. मग माझं तोंड बघून तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं गुडघ्यावरचा खण उचलला, घडी केली आणि तशीच माझ्यापुढं धरली. पैसे नको, असंच घे, असा हात केला.

तिचे उघडे गुडघे थंडीनं काळेनिळे झाले होते. मी तो खण परत तिच्या गुडघ्यांवर पसरला, कडा खाली खोचल्या. पुजाऱ्याला विचारायचं मग राहिलंच. पुन्हा बांधून नेलेली खरी ओटी देवीपुढं ठेवली, हात जोडले आणि मनोऱ्याकडं तोंड करून निघाले.

परतताना मात्र मी निराळाच विचार करत होते. चोरी झाली म्हणून सांगितलं तर? काशीच्या गर्दीत पिशवी कापली, असं म्हटलं की झालं. यात्रेत चोरी झालेल्या बाईकडं कोण पैसे मागतं? उलट साखर-पाणी घेऊन भेटायला येतात. पिशवीला पात्यानं कुठं चीर द्यायची तेही मी ठरवलं होतं. वाट चुकले म्हणून नाही, मुक्कामावर जाऊ नये असं वाटत होतं म्हणून मी सरळ न जाता गल्ल्यांतून शिरले.

आणि त्या गल्ल्यांनी मला पुरतं गुंगवलं. एका चौकात तांदूळ, हळद, पितळेची भांडी, सगळं एकाच जागी, देवळांच्या पायऱ्यांवर मांडलेलं. पुढं एका बोळात फक्त मण्यांच्या माळा. लाल, हिरव्या, पिवळ्या, हात हात लांब, आणि दुकानदार मांडी घालून पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून मणी ओवत बसलेले. मी तिथं इतका वेळ उभी राहिले की एकानं मला बसायला चटई सरकवली. पुढं राजवाड्याच्या दारात मारुती होता. शेंदूर इतका चढलेला की तोंडच उरलं नव्हतं, वर छत्री धरलेली. मी त्याला आमच्या तालमीतल्या मारुतीचा नमस्कार सांगितला. एक मोठं लाकडी घर होतं, ते म्हणे एका झाडाच्या लाकडातून केलंय. आणि ज्या घरात लहान मुलीला देवी मानून ठेवतात तेही तिथंच. तिचं दर्शन झालं नाही, नक्षीची खिडकी तेवढी बघितली.

त्या चौकात उघड्यावर काळभैरव उभा आहे. दोन पुरुष उंच, सहा हात, वटारलेले डोळे, पायाखाली राक्षस. मी नमस्कार करत होते तेवढ्यात एका मारवाडी यात्रेकरूंच्या घोळक्याला त्यांचा वाटाड्या हिंदीत सांगत होता, की पूर्वी ज्याच्यावर आळ असेल त्याला ह्या भैरवापुढं आणून शपथ घ्यायला लावत. खोटं बोलला तर रक्त ओकून जागेवर मरायचा. हिंदी मला तोडकीमोडकी कळते, पण हे मात्र सगळं कळलं.

मी भैरवाकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता. तो सगळ्यांकडंच तसा बघतो हे मला आता माहीत आहे. तेव्हा काशीची चोरी, पिशवीची चीर, सगळं एकदम गळून पडलं. मी मागं न बघता चालत सुटले.

धर्मशाळेत वन्सं खरेदी पसरून बसल्या होत्या. मी चहा होऊ दिला आणि मग सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढं सलग बोलले असेन. वन्संनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हेही पहिल्यांदाच.

मग म्हणाल्या, "तीनशे धा?"

मी म्हणाले, हो.

"आणि काल दुपारपास्नं गप हायस? पोटात कळ आली तर तरी सांगशील का न्हाय?" त्यांचा आवाज चढत गेला, आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. "कुंकू मी लावलं. मला का न्हाय धरलंस?"

मी म्हणाले, चूक माझी आहे, मी खूण सांगितली नाही.

 वन्सं हातानं तोंड झाकून हसायला लागल्या, अंग हलेपर्यंत. "आगं, देवीला तीनशे धा रुपयं. राजानं तरी वाहिलं असतील का?" मला रडू येत होतं तेच उलटं फिरलं आणि मीही हसले. त्यांनी थर्मास आणि साडीचे पैसे स्वतःचे घालते म्हटलं. मी नको म्हणाले. ही गोष्ट मला माझ्या हातानंच फेडायची होती, का ते मलाही सांगता येणार नाही. वन्संनी दोनदा म्हणून बघितलं, मग सोडलं. "बरं. मग दिसभर कुठं हिंडत होतीस ते तरी दाव."

तिसऱ्या दिवशी मी वन्संना काठमांडू दाखवलं. मी पुढं आणि त्या मागं. मनोरा कसा धरायचा, कुठल्या चौकात वळायचं, मण्यांचा बोळ कुठं, सगळं मी सांगत होते. भैरवापुढं त्यांनी कान पकडले, कशाबद्दल ते सांगितलं नाही. मग आम्ही नदीपलीकडच्या टेकडीवर गेलो, जिथं मोठ्या पांढऱ्या घुमटावर सोन्याचा चौकोन आहे आणि चारी बाजूंनी डोळे काढलेत. पायऱ्या इतक्या उभ्या की वरच्या माणसाच्या टाचा आपल्या कपाळाला लागाव्यात. निम्म्यावर वन्संनी बसकण मारली. माकडानं त्यांच्या हातातली केळी नेली तरी त्यांच्यात ओरडायचा जीव नव्हता. "तू हो म्होरं," त्या म्हणाल्या. मी परत खाली आले, त्यांचा हात धरला आणि एकेक पायरी करत वर नेलं. वर घुमटाभोवती पितळेची चक्रं आहेत, हातानं फिरवत प्रदक्षिणा घालायची. वन्संनी एकही चक्र सोडलं नाही. म्हणाल्या, मागावरचा हात आहे, फिरतं काही दिसलं की गप बसवत नाही. खाली सगळं शहर विटांच्या रंगाचं पसरलं होतं आणि मध्ये आमचा पांढरा मनोरा. मी बोटानं धर्मशाळा दाखवली, देवीकडचा रस्ता दाखवला. माझ्या पायांनी चाललेलं सगळं तिथून दिसत होतं.

घरी आल्यावर ह्यांना आधी सांगितलं. हे म्हणाले, "देवीचं देवीला पोचलं. आता माणसांचं माणसांना पोचवायचं." एवढंच. मग मी तिघींना घरी बोलावलं, प्रत्येकीला तिथून आणलेला रुद्राक्ष आणि प्रसाद दिला, आणि काय झालं ते माझ्या सोळा रुपयांसकट सगळं सांगितलं.

काकू म्हणाल्या, "अहो, असू द्या. चांगल्या ठिकाणी गेले." पण त्यांचा चेहरा थर्मास पडून फुटल्यासारखा झाला होता. गिरणीवाल्या वहिनी मात्र मनात ठेवणाऱ्या नव्हत्या. "आमचंच पैसं बरं गेलं? तुझं सोळा रुपयं देवीला नगं झालं व्हय?"

मी म्हणाले, माझे पोलक्यात होते.

"हां. देवी पोलक्यात हात घालत न्हाय," वहिनी म्हणाल्या आणि उठून गेल्या. पुढं महिनाभर आमचं दळण त्यांनी सगळ्यात शेवटी घेतलं.

मी वाकळा शिवायला घेतल्या. घराघरांत जुनी लुगडी, धोतरं साठलेली असतात. त्यांचे थर घालून, चारी बाजूंनी धावदोरा भरत आत आत यायचं, की पांघरायला जाड वाकळ होते. पूर्वी मी घरच्यापुरत्या शिवायचे, आता गल्लीच्या शिवू लागले. एका वाकळेला बारा रुपये. अंगणात कापड पसरलं की बायका आपसूक कडेला येऊन बसायच्या आणि एखादी सुई हातात घ्यायची. मग कुणीतरी म्हणायचं, "त्यो भैरव सांगा की." मी मान वर न करता सांगायचे. सुई चालू असली की मला बोलायला जमतं, हे मला तेव्हा कळलं. पायऱ्या सांगताना मी टाके उभे घालते म्हणून हसायच्या. गिरणीवाल्या वहिनीही एक दिवस आल्या. मी माकडाचं सांगत होते. त्यांनी न बोलता कडेचा दोरा धरला आणि दुसऱ्या दिवशी दळण पहिलं लागलं.

पहिल्या उन्हाळ्यात काकूंचे सत्तर फिटले. पुढच्या दिवाळीपर्यंत वहिनींचे नव्वद. वहिनींनी नोटा घेतल्या आणि म्हणाल्या की आता नायलॉनची हौस राहिली नाही, एक वाकळच शिवून दे, आणि त्यातले बारा तिथल्या तिथं परत दिले.

राहिल्या दूधवाल्या मावशी. त्यांचे सगळ्यात जास्त, आणि गरज सगळ्यात त्यांना. पण त्या पैसे घेईनात. त्यांचं म्हणणं असं की दीडशे रुपये त्यांच्या नावानं देवीच्या पायाशी गेले, तसं पुण्य त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला जोडलेलं नाही. त्या वर्षी लेकीला दिवस राहिले, जावई घड्याळाचं विसरून पेढे घेऊन आला. मावशींना ते सगळं त्या ओटीचंच वाटत होतं. "तू पैसं माघारी दिलंस म्हंजे ओटी तुझी झाली," त्या म्हणायच्या. "मग माझ्या नावानं काय गेलं? तांदळातलं चार आणं?"

मी सांगून बघितलं, की तसं काही नसतं. ह्यांनी सांगितलं. वन्सं इचलकरंजीहून येऊन ओरडून गेल्या. मावशी ऐकेनात. एकदा म्हणाल्या, निम्मे दे, निम्मं पुण्य माझं राहू दे. मी म्हणाले, द्यायचे तर सगळे. घड्याळाच्या पैशासाठी त्यांनी एक वर्ष चहात साखर घातली नव्हती, हे मी बघितलं होतं. त्यांच्या घरचं छप्पर गळत होतं हेही बघत होते. डब्यात दीडशे साठून दोन महिने झाले तरी डबा माझ्याकडंच.

शेवटी एका सकाळी दूध घालायला आल्यावर त्यांनीच विषय काढला. चरवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तू दुसऱ्या दिशी परत देवीकडं गेलतीस न्हवं? चालत?"

मी म्हणाले, गेले होते.

"आणि टेकडीवर?"

"तिथंही चालतच."

"मग त्या चालण्याचं बी पुण्य हाय की," मावशी म्हणाल्या. "गाडीतनं गेलं तर गाडीला मिळतंय. चालत गेलं तर पायाला. त्यातलं निम्मं मला दे, आणि मी तुझं पैसं घेते."

मी थट्टा समजले. पण त्या उंबऱ्यात बसल्या, हात धुतला आणि ओंजळ पुढं केली. मग मी आतून तांब्या आणला. लग्नात कन्यादानाचं उदक सोडतात तसं त्यांच्या हातावर पाणी सोडलं आणि म्हणाले, काठमांडूत मी जेवढं चालले, देवीपर्यंत, भैरवापर्यंत, टेकडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत, त्यातलं निम्मं दूधवाल्या मावशींचं.

त्यांनी पाणी डोळ्यांना लावलं, पदराला हात पुसले आणि डबा मागितला. पायरीवर बसून एकेक नोट मोजली, मग परत पहिल्यापासून मोजली. दीडशे भरले.